हजार रुपयांचा संगणक

घरगुती संगणक स्वस्त झाला तो त्यातला एकेक भाग काढून टाकल्यामुळे. १९७७ मध्ये अमेरिकेत ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन तयार संगणक विक्रीला आले. पडद्यासह मिळणारा टीआरएस-८० सहाशे डॉलरच्या घरात होता, तर ॲपल टू पडदा न धरताच सुमारे तेराशे डॉलरला पडे. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी हा हिशेब उलट्या बाजूने मांडला. आधी किंमत ठरवायची आणि त्या किमतीत बसेल तेवढेच यंत्रात ठेवायचे, ही त्यांची रीत. त्यांचा १९८० चा झेडएक्स-८० शंभर पौंडांच्या आत आणि पुढच्या वर्षीचा झेडएक्स-८१ सत्तर पौंडांच्या आत मिळू लागला. झेडएक्स-८१ मध्ये मोजून चार चिप होत्या आणि स्मृती एक किलोबाइट. पडदा नव्हता, तो घरच्या टीव्हीला जोडायचा. डिस्क नव्हती, प्रोग्रॅम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवायचा आणि टेपरेकॉर्डर लावून परत वाचायचा. कीबोर्डला सुटी बटणेही नव्हती. सपाट प्लास्टिकवर छापलेल्या चौकोनांवर बोट दाबावे लागे. एप्रिल १९८२ मध्ये रंगीत चित्र दाखवणारा झेडएक्स स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून विक्रीस आला आणि त्याची विक्री पुढे पन्नास लाखांच्या आसपास गेली.

शाळांसाठी मात्र सिंक्लेअर यांची ही काटकसर पुरेशी नव्हती. वर्गात दिवसभर तीस-चाळीस हात फिरतात, त्यामुळे यंत्र दणकट लागते. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने, म्हणजे बीबीसीने, संगणक साक्षरतेची मोहीम आखली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे यंत्र निवडले. बीबीसी मायक्रो १९८१ च्या डिसेंबरात आला. पूर्ण आकाराचा कीबोर्ड, बत्तीस किलोबाइट स्मृती आणि मागच्या बाजूला नाना उपकरणे जोडण्याची सोय असलेला त्याचा मॉडेल बी लवकरच ३९९ पौंडांवर गेला, म्हणजे स्पेक्ट्रमच्या तिप्पट. तरीही ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत तोच दिसे, कारण निम्मी किंमत सरकार भरत होते. घराला परवडावे म्हणून यंत्र लहान केले गेले. शाळेला परवडावे म्हणून त्याचा खर्च वाटून घेतला गेला. गोव्यात पुढे जे घडले त्यात या दोन्ही युक्त्या निराळ्या रूपात दिसतात.

भारतात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी संगणक म्हणजे परवाना, जबर आयातशुल्क आणि परकीय चलनाची टंचाई. नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झालेल्या संगणक धोरणाने सुट्या भागांवरचे शुल्क कमी केले आणि खासगी कारखानदारांना वाट मोकळी करून दिली. त्याच शैक्षणिक वर्षात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांच्या साहाय्याने, 'क्लास' नावाची योजना देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत सुरू केली. तिच्यासाठी निवडलेले यंत्र होते बीबीसी मायक्रो. पुढे त्याची भारतीय आवृत्ती मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने बनवली आणि योजना अडीच हजारांवर शाळांपर्यंत गेली. सगळ्या देशाच्या मानाने हा आकडा छोटा होता. त्यातही वर्गात पन्नास मुले, खोलीत पाच यंत्रे आणि पस्तीस मिनिटांची तासिका धरली, तर एका मुलाच्या वाट्याला साडेतीन मिनिटे येतात. एवढ्या वेळात बेसिक भाषेतल्या चार ओळीही लिहून होत नाहीत. नव्वदच्या दशकात योजनेचे रूप बदलले आणि बीबीसी मायक्रोची जागा पीसीने घेतली.

घरगुती संगणकाचा भारतीय अध्याय त्याहून तोकडा ठरला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने आणली. हजारो यंत्रे खपली, पण १९९० च्या सुमारास हा बाजार आटला. सिंक्लेअर यांची सगळी काटकसर एका गृहीतकावर उभी होती: टीव्ही आणि टेपरेकॉर्डर घरात आधीच आहेत. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या गावांना हे गृहीतक अर्धेच लागू पडे. आखातात नोकरीला गेलेल्या माणसांमुळे 'टू-इन-वन' टेपरेकॉर्डर गोव्यातल्या बऱ्याच घरांत आला होता. टीव्ही सावकाश पोहोचला, आणि जिथे होता तिथे तो सगळ्या घराचा, बऱ्याचदा शेजारपाजारचाही असे. संध्याकाळच्या कार्यक्रमांच्या वेळी त्यावर कुणा मुलाला बेसिक शिकू द्यावे, असे घरातल्या कुणाला वाटणे कठीणच होते.

तरीही आठ बिटांचा संगणक भारतीय घरात शिरला, वेगळ्या वेशात. निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या खेळयंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात दुकानोदुकानी 'टीव्ही गेम' म्हणून विकल्या जात. त्यांच्यातली चिप बीबीसी मायक्रोतल्या ६५०२ चिपच्याच घराण्यातली होती. पुढे त्याच चिपला कीबोर्ड, माउस आणि टंकलेखन शिकवणारे कार्ट्रिज जोडून 'टीव्ही कॉम्प्युटर' निघाले. डेरेक लोमस या अमेरिकी रचनाकाराला बेंगळुरूच्या बाजारात असे यंत्र सुमारे बारा डॉलरना मिळाले, आणि त्यातून २००८ च्या सुमारास 'प्लेपॉवर' हा उपक्रम उभा राहिला. या स्वस्त यंत्रांसाठी चांगले शैक्षणिक खेळ लिहायचे, हा त्याचा हेतू. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे तंत्रज्ञान घराला परवडते, त्यावर शिकवण्याजोगे साहित्य मात्र नसते, हे त्या उपक्रमाचे निदान अचूक होते.

गोव्यात शाळांचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, पीसीचा काळ आल्यावर. इथली बहुतेक माध्यमिक विद्यालये सरकारी अनुदानावर चालणारी पण खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. शिक्षकांचा पगार अनुदानातून येतो. इमारत, प्रयोगशाळा आणि साधने यांसाठी संस्थेला देणगीदार गाठावे लागतात. पेडण्यातल्या हरमल गावच्या पंचक्रोशी शिक्षण मंडळासारख्या ग्रामीण संस्था अशाच उभ्या राहिल्या. अशा संस्थेने पीसी घ्यायचा म्हटला तर एकेका यंत्रामागे कित्येक हजार रुपये, वर प्रत्येकावर विंडोजचा परवाना, स्टॅबिलायझर किंवा यूपीएस आणि बंद खोली. पणजी-मडगावच्या जुन्या शाळांना माजी विद्यार्थ्यांचे, परदेशस्थ गोमंतकीयांचे पाठबळ होते. पेडणे आणि डिचोलीतल्या, मुख्यतः मराठी प्राथमिक शाळांतून वर आलेल्या मुलांच्या विद्यालयांकडे ते फारसे नव्हते.

हे अंतर भरून काढायला अमेरिकेतले काही गोमंतकीय पुढे आले. डॅरिल मार्टिरिस यांनी १९९६ च्या सुमारास चालना दिलेला हा उपक्रम पुढे 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' म्हणून ओळखला गेला. अमेरिकेतल्या कचेऱ्या दर तीन-चार वर्षांनी संगणक बदलत. त्यात २००० सालच्या तारखेच्या गोंधळाची धास्ती आली आणि चालू स्थितीतली हजारो यंत्रे गोदामांत जाऊन पडली. ती गोळा करून, तपासून, कंटेनरमध्ये भरून गरजू देशांत पाठवणाऱ्या संस्था तेव्हा उभ्या राहत होत्या. टिमथी अँडरसन यांची मॅसॅच्युसेट्समधली 'वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज' ही त्यांतली एक, आणि गोव्याच्या उपक्रमाने तिच्याशी हात मिळवला.

फुकट मिळालेला संगणक शाळेच्या टेबलावर येईपर्यंत फुकट राहत नाही. जहाजाचे भाडे असते. जुन्या मालाच्या आयातीवर निर्बंध असतात, आणि शैक्षणिक देणगीसाठी मिळणाऱ्या सवलतीला कागदपत्रे लागतात. कागद पुरे होईपर्यंत कंटेनर बंदरात अडकला तर त्याचे भाडे दिवसागणिक चढते. माल सुटल्यावर कळते की काही यंत्रे प्रवासात खिळखिळी झाली, काहींचा वीजपुरवठा ११० व्होल्टवरच बसवलेला आहे, काहींच्या हार्ड डिस्क माहिती पुसताना काढूनच घेतल्या आहेत. तीन मोडक्या यंत्रांतून दोन चालती करणारा माणूस हाताशी नसेल, तर सगळा खटाटोप अडगळीच्या खोलीत संपतो. देणगीच्या संगणकांचे बहुतेक प्रकल्प जगभर याच टप्प्यावर मोडले आहेत.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. पेंटियम किंवा ४८६ जातीचे यंत्र नवे विंडोज पेलू शकत नव्हते, आणि जुन्या विंडोजचा कायदेशीर परवाना यंत्रासोबत येईलच असे नव्हते. चोरीची प्रत टाकणे तेव्हा सर्रास चाले; सार्वजनिक देणगीवर चालणाऱ्या उपक्रमाला ते शोभणारे नव्हते. म्हणून गोव्याचा उपक्रम २००१-०२ च्या सुमारास लिनक्स या मुक्त, फुकट मिळणाऱ्या कार्यप्रणालीकडे वळला. त्याला रेड हॅट इंडिया या लिनक्स कंपनीचे साहाय्य मिळाले आणि गोव्यातल्या लिनक्स वापरणाऱ्या हौशी मंडळींचे हात लागले. गोव्यातले पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा यांनी या घडामोडींविषयी सातत्याने लिहिले, त्यामुळे सासष्टी-बार्देशातल्या शाळांचे हे प्रयोग अमेरिका-युरोपातल्या संगणकप्रेमींपर्यंत पोहोचले.

लिनक्समुळे परवान्याचा खर्च गेलाच, शिवाय आणखी एक वाट उघडली. १९९९ मध्ये जिम मॅक्विलन यांनी सुरू केलेल्या 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट'ची, म्हणजे एलटीएसपीची, कल्पना अशी: खोलीत एकच नवा, ताकदवान संगणक ठेवायचा. बाकीच्या जुन्या यंत्रांतून हार्ड डिस्क काढूनच टाकायची. मुलाने कळ दाबली की यंत्र नेटवर्क कार्डातून सर्व्हरला साद घालते, सुरू होण्यासाठी लागणारे सगळे त्याच्याकडून घेते आणि पुढे केवळ पडदा, कीबोर्ड आणि माउस यांचे काम करते. हिशेब, चित्रे, लेखन सगळे चालते ते सर्व्हरवर. मोडकी हार्ड डिस्क, व्हायरस, मुलांनी पुसलेल्या फायली ही शाळेच्या प्रयोगशाळेतली तीन नेहमीची दुखणी त्यामुळे एकदम संपत. सिंक्लेअर यांनी घरासाठी जे केले होते, तेच इथे शाळेसाठी झाले: यंत्रातून महाग आणि नाजूक भाग काढला आणि जे उरले ते पुरेसे ठरले. अर्थात सर्व्हर बंद पडला तर अख्खी खोली बंद, आणि तो दुरुस्त करणारा माणूस म्हापशाहून किंवा पणजीहून येईपर्यंत वर्ग थांबलेला. केरळने 'आयटी ॲट स्कूल' योजनेत हाच धोका ओळखून आधी शिक्षकांना तयार केले आणि मुक्त सॉफ्टवेअर राज्यभर रुजवले. गोव्यातला प्रयत्न स्वयंसेवी होता. त्याची झेप मोठी होती, पण शिक्षण खात्याच्या यंत्रणेचे बळ त्याच्या मागे नव्हते.

हे बळ सरकारने लावले ते वेगळ्याच जागी. आयआयटी मुंबईत शिकलेले अभियंते मनोहर पर्रीकर तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने २००२ मध्ये 'सायबरएज' योजना आणली आणि अकरावीच्या विद्यार्थ्याला हजार रुपयांत नवा संगणक देऊ केला. त्या काळी बाजारात तसे यंत्र पंचवीस-तीस हजारांच्या खाली मिळत नसे. शाळेत खोली उभारण्याऐवजी यंत्र थेट घरी न्यायचे, हा निर्णय धाडसी होता आणि त्यावर वादही झाले. तेच पैसे शाळांत घातले असते तर खालच्या वर्गांपर्यंत पोहोचले असते, हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पण तासिकेतला साडेतीन मिनिटांचा वाटा आठवला की घरच्या यंत्राची बाजू जड होते. घरी संगणक अकरावीच्या मुलीच्या नावावर आला तरी त्यावर धाकटा भाऊ बसे, शेजारची मुले बसत, बापाचा दुकानाचा हिशेब त्यावर चढे.

हरमलसारख्या गावात या हजार रुपयांचे मोल नीट दिसते. इथल्या कुटुंबांची मिळकत हंगामाची. मासेमारी पावसाळ्यात थांबते, काजूचे उत्पन्न मार्च ते मेमध्ये येते, पर्यटकांना खोल्या देऊन मिळणारा पैसा साधारण नोव्हेंबर ते मार्च. शाळा-कॉलेजचा खर्च मात्र जूनमध्ये उभा राहतो, तोही छपराची डागडुजी आणि पावसाळ्याची बेगमी यांच्या जोडीने. पंचवीस हजार एकरकमी काढणे बहुतेकांना जमण्यासारखे नव्हते, हजार जमत. त्या वर्षांत किनाऱ्याजवळच्या खालचावाडा आणि गिरकरवाडा भागात विदेशी पाहुण्यांसाठी सायबर कॅफे थाटले होते. ई-मेल पाहण्यासाठी तासाचे पैसे मोजणारे पाहुणे गावातल्या मुलांना रोज दिसत. संगणक गावात होता, तो आपल्या घराचा व्हायला सरकारी योजना लागली.

पुढचा खर्च सरकारच्या हिशेबात नव्हता. समुद्रकाठी यंत्राचे आयुष्य शहरातल्यासारखे नसते. खारट दमट हवेने मेमरीच्या पट्ट्या बसतात त्या खाचांतले संपर्क काळवंडतात. पावसाळ्यात महिनोन्महिने बंद राहिलेल्या यंत्रात बुरशी धरते, मुंग्या शिरतात. विजेचा दाब कमीजास्त झाला की आधी पॉवर सप्लाय जातो आणि कधीकधी मदरबोर्डही सोबत नेतो. देणगीच्या जुन्या यंत्रांत आणखी एक छुपा रोग असे. २८६-३८६ काळातल्या अनेक मदरबोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट झाळलेली असे. ती काही वर्षांनी पाझरते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खातो. जाणता माणूस असे यंत्र हाती आले की पहिल्यांदा ती बॅटरी काढतो, बोर्ड सौम्य व्हिनेगरने पुसून कोरडा करतो आणि मगच वीज देतो. नाणेबॅटरी असलेल्या नंतरच्या यंत्रांना हा त्रास कमी. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवलेला संगणक पावसाळ्यात बंद ठेवलेल्यापेक्षा जास्त टिकतो, कारण आतली ऊब ओल हटवते. किनारपट्टीच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांचा हा नियम अजूनही खरा आहे.

भाषेचा खर्चही कुणी धरला नव्हता. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड पीसीत बसवले की देवनागरी पडद्यावर येई, पण ते कार्ड वेगळे विकत घ्यावे लागे. नंतर फॉन्ट आले, तेही एकमेकांशी न जुळणारे. एका शाळेत लिहिलेला मजकूर दुसरीकडे उघडला की अक्षरांचा कचरा होई. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये युनिकोडची देवनागरी आली, लिनक्सच्या मराठी भाषांतराचे कामही त्याच सुमारास पुढे सरकू लागले. म्हणजे पेडण्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलासमोर जो पहिला संगणक आला तो बहुतेक वेळा इंग्रजीच बोलत होता. स्वस्त यंत्र आणि आपल्या भाषेतले यंत्र या दोन गोष्टी त्याला एकाच वेळी मिळाल्या नाहीत, आणि त्याची भरपाई पुढेही पूर्ण झाली नाही.

स्वस्त यंत्राचा एक प्रयत्न बाहेरूनही आला. गोवा ज्या कोकणपट्टीत आहे तिच्या उत्तर भागात, रायगड जिल्ह्यातल्या खैराट या धनगरवाड्यावर, २००७ मध्ये 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. एका खोलीची, एका शिक्षकाची शाळा आणि वीस-बावीस हिरवे-पांढरे लॅपटॉप. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून तो गाजला होता, प्रत्यक्षात किंमत त्याच्या जवळपास दुप्पट गेली. यंत्र मुद्दाम दणकट, कमी विजेवर चालणारे आणि मुलाने उघडून पाहावे असे बनवले होते, तरी भारतात योजना फैलावली नाही. गोव्यात सरकारने २०१२ नंतर पाचवी-सहावीच्या मुलांना टॅबलेट वाटले. टॅबलेट हलका आणि स्वस्त. पण उघडता न येणारा, आणि बॅटरी निकामी झाली की पेडण्याच्या दुरुस्तीवाल्याच्याही हाताबाहेरचा.

जुन्या यंत्रांचा ओघ दरम्यान आटत गेला. विकसित देशांतून 'देणगी' म्हणून येणाऱ्या मालात प्रत्यक्षात भंगार भरलेले असते, हे अनुभवाने सिद्ध झाले. भारताचे ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, पुढे २०१६ चे नियम अधिक कडक आले, आणि परदेशातून वापरलेले संगणक आणणे जवळजवळ थांबले. देशातल्या देशात मात्र सोय राहिली: निर्यातप्रधान आणि सॉफ्टवेअर पार्कमधल्या कंपन्यांना दोन वर्षे वापरलेले संगणक शुल्क न भरता मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना देता येतात. या तरतुदीचा गोव्यातल्या ग्रामीण शाळांनी जेवढा उपयोग करून घ्यायला हवा होता तेवढा झालेला नाही. वेर्णे-पर्वरीतल्या कचेऱ्यांतून निघालेला चार वर्षांचा पीसी, एसएसडी डिस्क आणि वाढीव स्मृती घातली की, पाच-सहा वर्षे शाळेत चांगला चालतो. हा खर्च नव्या यंत्राच्या पाव हिश्श्यातही बसतो.

केंब्रिजमध्ये २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय नावाचा एका पट्टीवरचा संगणक विक्रीला आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी जुन्या घरगुती संगणकाचे ऋण उघडपणे मान्य केले. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले होते की विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना आता प्रोग्रॅमिंग येत नाही, कारण घरातले यंत्र उघडल्या उघडल्या बेसिक दाखवत नाही. पस्तीस डॉलरच्या त्या पट्टीला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता, डिस्कही नव्हती. टीव्ही जोडायचा आणि कॅमेऱ्याचे स्मृतिकार्ड घालायचे. तिच्या 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' या नावांतच बीबीसी मायक्रोची आठवण होती आणि आत चालणारी एआरएम चिप एकॉर्ननेच १९८५ मध्ये प्रथम बनवलेल्या चिपची वंशज होती. २०२० चा रास्पबेरी पाय ४०० तर कीबोर्डातच मावलेला संगणक आहे, ठेवण अगदी स्पेक्ट्रमची. त्यावर स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रोची नक्कल करणारा प्रोग्रॅम फुकट चालतो. म्हणून जुन्या घरगुती संगणकाचा अनुभव मुलांना द्यायचा असेल तर लिलावात महाग झालेले, कपॅसिटर सुकलेले खरे यंत्र विकत घेण्याची गरज उरलेली नाही.

गोवा सरकारने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंग आणि रोबोटिक्स शिकवणारी 'केअर्स' योजना २०२१ मध्ये सुरू केली. तिच्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम रचण्याची 'स्क्रॅच' भाषा वापरतात. ती रास्पबेरी पायवर चालते, आणि तिच्या आधीच्या आवृत्त्या जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रांवरही चालत.